पाळीवरची गाडी

रविवारी सकाळी गाडी एका फटक्यात सुरू झाली, ऐटीत फाटकापर्यंत गेली आणि पुढची दोन चाकं रस्त्यावर, मागची दोन अंगणात अशा बेतात एक उचकी देऊन बंद पडली. वैजनाथने किल्ली फिरवली. स्टार्टर जीव तोडून फिरला. इंजिनाने त्या प्रकरणाशी आपला काही संबंध नाही अशी भूमिका घेतली.

मागच्या सीटवर वैजनाथच्या आई बनुबाई बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात गुळाचा सांजा. हा सांजा राजूरला जायचा होता, कारण तिथे बनुबाईंचे धाकटे भाऊ राधाकृष्णमामा अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं होतं. हे वाक्य डॉक्टर दोनच प्रसंगी बोलतात, आणि मामांचा प्रसंग बरं वाटण्याचा नव्हता. पहाटे मामांच्या मुलाचा फोन आला होता. मामा मधूनच डोळे उघडतात, "बनी आली का?" विचारतात, आणि नाही म्हटलं की परत मिटून घेतात.

"थांबली का रे?" बनुबाईंनी विचारलं.

"थांबली नाही. डिझेलच्या नळीत हवा धरली असेल," वैजनाथ म्हणाला.

वैजनाथ सुप्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होता. बिघडलेल्या मालाचं मूळ कारण शोधून काढणं हे त्याचं काम. बऱ्याच वर्षांच्या नोकरीत ते कारण एकदाही त्याच्या विभागात सापडलेलं नव्हतं. त्यामुळे आताही त्याने बॉनेट उघडण्याआधी वर पाहिलं. वरच्या मजल्याच्या गॅलरीत त्याचा धाकटा भाऊ समर्थ बनियनवर उभा राहून चहा पीत होता, आणि जरा जास्तच चवीने पीत होता.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. गाडी वैजनाथची नव्हती. समर्थचीही नव्हती. कागदोपत्री ती त्यांच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची होती, आणि अण्णा वारून बरेच दिवस झाले होते. घराचे मजले वाटता आले. गाडीला मजले नसल्यामुळे भावांनी गावच्या विहिरीचा कायदा गाडीला लावला. नेवाशाकडे त्यांच्या विहिरीवर चुलत्यांची आणि त्यांची पाळी असायची. एक आठवडा पाणी यांचं, एक आठवडा त्यांचं. आपली पाळी संपली की इंजिनाचा पट्टा काढून घरी न्यायचा, म्हणजे दुसऱ्याला आपल्या पट्ट्यावर पाणी ओढता येत नाही, ही त्या विहिरीची जुनी आणि पवित्र रीत. दोघे भाऊ शिकले, नगरला सावेडीत राहायला आले, एक क्वालिटीत लागला, दुसरा पतसंस्थेत वसुलीला लागला. रीत मात्र बरोबर आली.

गाडी रविवार ते रविवार एकाकडे, मग रविवार ते रविवार दुसऱ्याकडे. पाळी संपली की आपण भरलेलं डिझेल रबरी नळीने तोंडाने ओढून कॅनमध्ये काढून घ्यायचं आणि काटा लाल रेघेवर ठेवून गाडी सुपूर्द करायची. ते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण एकाच्या तोंडाला डिझेलचा वास आला की दुसऱ्याला आपली पाळी सुरू झाल्याचं कळे.

तरी वैजनाथला शंका होती, की आपल्या पाळीत आपण कामावर असताना समर्थ गुपचूप एखादी चक्कर मारून येतो. म्हणून त्याने मोझेस मेस्त्रीकडून डिझेलच्या नळीवर एक चोरकॉक बसवून घेतला होता. ड्रायव्हरच्या सीटमागे, पायपुसण्याखाली. आडवा केला की डिझेल बंद. अशी अक्कल आपल्या घरात एकालाच आहे याचं त्याला एकांतात फार समाधान वाटे.

रविवारचा मात्र घोळ होता. रविवार ते रविवार असं ठरलं, पण रविवार नक्की कुणाच्या पोटात धरायचा हे ठरलं नव्हतं. वैजनाथच्या मते पाळी रविवारच्या संध्याकाळी संपे. समर्थच्या मते ती रविवारच्या सूर्योदयाला सुरू होई. परिणामी रविवारी गाडीला कुणीच हात लावत नसे. ती अंगणात दोन देशांच्या मधल्या जमिनीसारखी उभी असे. राधाकृष्णमामांनी आजारपणासाठी नेमका तोच वार निवडावा, याबद्दल वैजनाथने मनातल्या मनात त्यांना थोडा दोष दिला.

त्याने सकाळी आपला कॉक आठवणीने उघडला होता. म्हणजे दोष दुसरीकडे होता. त्याने बॉनेट उघडलं आणि फिल्टरवरचा हातपंप दाबला. दाबलेला पंप दबलेलाच राहिला. त्याने फिल्टरखालचा स्क्रू सैल केला, चार थेंब डिझेल त्याच्या इस्त्रीच्या बाहीत शिरलं आणि मग तेही यायचं थांबलं.

"आई, दादाला सांग," वरून समर्थ म्हणाला, "आज रविवार आहे. माझ्या पाळीतली गाडी ढकलायला सुद्धा विचारावं लागतं."

"आई, त्याला सांग," वैजनाथ बॉनेटमध्ये तोंड घालून म्हणाला, "पाळी संध्याकाळी बदलते. आणि टाकीत पाणी कुणी घातलंय ते मला माहीत आहे."

बनुबाई दोघांच्या मधला टेलिफोन होत्या. एरवी त्या निरोप इकडून तिकडे देत. आज त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं आणि म्हणाल्या, "कुनाची बी पाळी असू द्या. तिकडं माजा भाऊ जीव धरून बसलाय. न्हाईतर मी आपली यष्टीनं जाते."

यावर दोघे भाऊ एका आवाजात नाही म्हणाले. दोन कर्ती मुलं, दारात गाडी आणि आई एसटीने, हे कॉलनीला दाखवायला दोघेही तयार नव्हते. भाड्याची गाडी बोलवावी असं वैजनाथच्या बायकोने, सत्यशीलाने, सुचवून पाहिलं. तिला मध्ये बोलू नकोस असं सांगण्यात आलं. ते एकदा सांगितलं की दिवसभर लागू असे.

तोवर फाटकात अडकलेल्या गाडीभोवती कॉलनी जमली. पहिले आले बिभीषणराव. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातल्या सगळ्या द्रव पदार्थांवर आपला अजून अधिकार आहे असं मानत. त्यांनी गाडीला टाकीपासून इंजिनापर्यंत एक फेरी मारली, जशी ते पूर्वी कालव्याला मारत.

"हेडला पाणी हाय," त्यांनी टाकीवर टिचकी मारून निकाल दिला. "टेलला पोचत न्हाई. मदी कुनीतरी चोरून दार टाकलंय."

वैजनाथने मागच्या दाराकडे चोरून पाहिलं. पण सगळे हसले, तसा तोही हसला. कालवा वेगळा, गाडी वेगळी, असं त्याने बिभीषणरावांना समजावून सांगितलं. बिभीषणराव दुखावले आणि कट्ट्यावर जाऊन बसले. बरोबर निदान करणाऱ्या माणसाला हसून बाहेर बसवण्याची सोय आपल्या समाजात प्रत्येक कॉलनीत असते.

मग इमॅन्युएल सर आले. ते मिशन शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांनी टाकीचं झाकण काढून आकाशाकडे धरलं, झाकणाला हवा जायचं बारीक छिद्र असतं, ते बुजलं की टाकीत निर्वात पोकळी तयार होते, आणि निसर्गाला पोकळी सहन होत नाही, असा पाठ घेतला. झाकण काढूनही गाडी सुरू झाली नाही. तेव्हा सर म्हणाले की प्रयोग चुकला तरी सिद्धांत बरोबर असतो. ते चर्चची वेळ झाली म्हणून निघाले, आणि तिथे मोझेस मेस्त्री भेटेलच, प्रार्थना आटपली की त्याला पाठवतो, असं कबूल करून गेले.

मधल्या काळात वैजनाथला विम्याच्या कागदावरचा मदतीचा नंबर सापडला. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मोफत मेकॅनिक मिळेल असं त्यावर होतं. फोनवरच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात गाडी रस्त्यात आहे की घरी असं विचारलं. अर्धी रस्त्यात, असं वैजनाथने प्रामाणिकपणे सांगितलं. त्या मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये अर्ध्या गाडीची सोय नव्हती, पण तिने ती रस्त्यात धरली. मग ती म्हणाली, "सर, मी गाडीमालकांशी बोलू शकते का?"

"ते उपलब्ध नाहीत."

"कधी उपलब्ध होतील, सर?"

वैजनाथने एकदा आभाळाकडे पाहिलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला.

काही हरकत नाही, मालकांच्या मोबाईलवर ओटीपी पाठवलाय, तेवढा सांगा, असं ती म्हणाली. अण्णांचा नंबर बंद झाल्यावर मोबाईल कंपनीने तो परभणीकडच्या एका भांड्यांच्या दुकानदाराला दिला होता. वैजनाथने त्याला फोन लावून सगळी हकीकत सांगितली, मामांच्या तब्येतीसकट. दुकानदाराने ती सहानुभूतीने ऐकून घेतली, असल्या वेळी माणसाने धीर धरावा म्हणून समजूत घातली, आणि ओटीपी कुणालाही सांगायचा नाही असं बँकेने बजावल्याचं सांगून फोन ठेवला.

राजूरहून परत फोन आला. तो बनुबाईंनी घेतला आणि फक्त "निगालोच" म्हणून ठेवला. त्यांचा आवाज ऐकून समर्थही खाली उतरला. तो वाईट माणूस नव्हता. वैजनाथही नव्हता. दोघांनाही आईला राजूरला पोचवायचं होतं. फक्त दुसऱ्याने पोचवलेलं त्यांना चालणार नव्हतं.

"आई, दादाला सांग, किल्ली इकडे दे. मी लावतो."

आता किल्ली देणं भाग होतं. पण समर्थच्या हातून गाडी सुरू झाली असती, तर क्वालिटीतल्या माणसाला जे सकाळपासून जमलं नाही ते वसुलीतल्या माणसाने चुटकीसरशी केलं, असं कॉलनी वर्षभर बोलली असती. वैजनाथ मागचं दार उघडून वाकला.

"आई, जरा पाय उचल. पाना पडलाय."

बनुबाईंनी पाय उचलले. वैजनाथने पायपुसण्याखाली हात घालून कॉक आडवा केला आणि किल्ली आईच्या हातात दिली. आईने ती समर्थला दिली. समर्थने आधी बॉनेटमध्ये डोकं घातलं, फिल्टरच्या मागे हात घालून बराच वेळ काहीतरी चाचपलं, मग सीटवर बसून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही.

त्या सकाळी वैजनाथला पहिल्यांदा बरं वाटलं. मामांची आठवण झाली तेव्हा थोडं कमी बरं वाटलं.

समर्थने हार मानताना परत बॉनेटमध्ये डोकं घातलं, परत फिल्टरच्या मागे चाचपलं आणि किल्ली आईकडे दिली. वैजनाथने "आई, पाय उचल, फडकं राहिलंय" म्हणून कॉक उघडला. किल्ली फिरवली. काही नाही. मग समर्थ. मग वैजनाथ. दर खेपेला पाना, फडकं, बॅटरी, चष्मा असं काही ना काही बनुबाईंच्या पायाखाली पडत राहिलं, आणि त्या पाय उचलत राहिल्या. एकदा त्यांनी विचारलं, "वैजू, तुजं माज्या पायाखाली काय हाय रं?" वैजनाथ म्हणाला, काही नाही. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

ऊन चढलं. भांडणही चढलं. बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहून दोघे भाऊ आता आईमार्फत अण्णांच्या आजारपणापर्यंत पोचले होते. दवाखान्यात कोण किती बसलं, कुणी नुसतं बसल्याचं दाखवलं. "आई, त्याला विचार," "आई, दादाला विचार," असं चाललं होतं. गाडीतून उत्तर येईना, ते दोघांनीही आपल्या बाजूचं धरलं. मध्ये एकदा सत्यशीला काहीतरी सांगायला आली. वैजनाथने बॉनेटमधूनच मध्ये बोलू नकोस म्हटलं. ती गेली. मागे कुठेतरी स्कूटर सुरू झाली. सुरू होणारं वाहन ऐकून वैजनाथला उगाच राग आला.

परत त्याची वेळ आली तेव्हा त्याने पुढच्या सीटवरूनच मागे हात लांबवला आणि पायपुसणं चाचपलं. पाय तिथे नव्हतेच. न सांगताच आईने ते उचलले होते. त्याला गहिवरून आलं. आई ती आई, असं म्हणत त्याने कॉकला हात घातला.

तेवढ्यात मोझेस मेस्त्री आला. अंगात चर्चचा पांढरा शर्ट, हातात पान्यांची पिशवी. त्याने हातपंप एकदा दाबला. मग वैजनाथकडे पाहिलं. मग समर्थकडे पाहिलं. मग त्याने इतका खोल उसासा टाकला की बिभीषणराव कट्ट्यावरून उठून आले.

"काय आहे?" वैजनाथने विचारलं.

"सांगता येत न्हाई, दादा."

"कळलं नाही का?"

"कळलं. सांगता येत न्हाई. आमच्यात शपथ घेत न्हाईत, पन शब्द दिला की दिला." हे तो दोघांच्या मधल्या हवेला म्हणाला. थोडा वेळ त्याने डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "सगळ्यांनी डोळे मिटा," तो म्हणाला. "पेशंटसाठी प्रार्थना करू. मी आमेन म्हनंपर्यंत कुनी उघडायचे न्हाईत."

आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेला नाही कोण म्हणणार. बिभीषणरावांनी टोपी काढली. सगळ्या कॉलनीने डोळे मिटले. मोझेसने मोठ्या आवाजात राजूरच्या मामांसाठी प्रार्थना सुरू केली. प्रार्थना मागच्या दाराकडे सरकली. प्रार्थना वाकली. एक बारीक टक् झालं. कॉक उघडा आहे की बंद, हे त्याने बहुतेक हातानेच पाहिलं. मग प्रार्थना चालत पुढे आली, बॉनेटमध्ये शिरली, आणि फिल्टरच्या मागून दुसरं टक् झालं.

दोन. वैजनाथने डावा डोळा उघडा ठेवला होता, त्यामुळे त्याला ते दिसलंही. फिल्टरच्या मागे काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला, त्याच्यासारखाच, त्याच कंपनीचा कॉक. त्याने मान वळवली. बॉनेटच्या पलीकडे समर्थचा उजवा डोळा उघडा होता आणि मागच्या दाराकडे लागला होता. तो डोळा वळला. अण्णा गेल्यापासून दोघा भावांनी पहिल्यांदाच एकमेकांच्या नजरेला नजर दिली, एकेक डोळ्याने. अण्णांनी घर दिलं, गाडी दिली, त्यांची वाटणी झाली. अक्कल तेवढी दोघांना सारखी आणि न वाटता मिळाली होती, हे वैजनाथला तिथे कळलं.

"आमेन," मोझेस म्हणाला, आणि हातपंप मारू लागला. पंप हळूहळू कडक झाला. त्याने नळीतली हवा काढली, फेस संपून डिझेलची नितळ धार आली. किल्ली फिरवली आणि गाडी काळा धूर सोडत सुरू झाली. कॉलनीने टाळ्या वाजवल्या. बिभीषणराव म्हणाले, प्रार्थनेत ताकद हाय.

"आई, त्याला सांग, बस म्हणावं गाडीत," वैजनाथ म्हणाला.

"आई, दादाला सांग, मी चालवतो," समर्थ म्हणाला.

मग दोघांनी मागे पाहिलं. सीटवर पाना होता, फडकं होतं, बॅटरी होती आणि चष्मा होता.

सत्यशीला स्कूटर लावून पायऱ्यांवर उभी होती. "त्या गेल्या," ती म्हणाली. "राजूरकडच्या एसटीत बसवून आले मी."

"मला सांगायचं नाही?"

"सांगायला आले होते. मध्ये बोलू नकोस म्हणालात."

मग ते निघाले. संगमनेरपर्यंत समर्थने चालवली, पुढे वैजनाथने. पाळीचा तेवढा एकच उपयोग त्या दिवशी झाला. एसटी वाटेत कुठेच दिसली नाही. तिला ना पाळी होती, ना कॉक, ती केव्हाच पुढे गेली होती. गाडी इतकी सुंदर चालली की दोघांनाही बोलायला काही कारण उरलं नाही.

राजूरला मामांच्या दारात माणसं बसली होती, चपला बाहेर होत्या, आणि आत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बनुबाई पोचल्या तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतलेले होते. थोडं आधी शेवटचे उघडून त्यांनी विचारलं होतं, बनी आली का, आणि वाटेत आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. बनुबाईंना भाऊ दिसला. भावाला बनुबाई दिसल्या नाहीत.

दोघे त्यांच्याजवळ जाऊन बसले. डबा तसाच बंद, त्यांच्या मांडीजवळ.

"झाली का सुरू?" बनुबाईंनी विचारलं.

"झाली," वैजनाथ म्हणाला.

"काय झालं हुतं?"

वैजनाथने समर्थकडे पाहिलं. समर्थ म्हणाला, "हवा धरली होती, आई."

दोघांचं इतकं एकमत बनुबाईंनी बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं. "व्हय," त्या म्हणाल्या.

तेराव्यानंतर त्या नगरला परत आल्या, त्याही एसटीने. भावांनी गाडी घेऊन येतो म्हणून दोनदोनदा फोन केले होते. घरी आल्यावर त्या मामांविषयी बोलल्या नाहीत, गाडीविषयीही नाही. एवढंच झालं, की एका दुपारी दोघेही कामावर असताना मोझेस मेस्त्री अंगणात आला होता आणि बनुबाईंनी त्याला चहा दिला, असं बिभीषणरावांनी कट्ट्यावरून पाहिलं. मेस्त्री चहाला आला असेल, असं वैजनाथला वाटलं.

पुढच्याच सोमवारी गाडी सुरू झाली नाही.

पाळी वैजनाथची होती. त्याने आपला कॉक पाहिला, उघडा होता. त्याने वरती तोंड करून, आईला मध्ये न घालता, "समर्थ," अशी हाक मारली. समर्थ खाली आला, त्याने फिल्टरमागचा आपला कॉक दाखवला. तोही उघडा होता. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नसल्यामुळे दोघांनी मिळून, एकमेकांना दिवा धरून, टाकीपासून पंपापर्यंत सगळी नळी हाताने तपासली. जिथवर हात पोचत होता तिथवर काही नव्हतं. शेवटी मोझेसला बोलावलं.

मोझेसने हातपंप एकदाच दाबला. मग तो पायऱ्यांकडे बघू लागला. पायऱ्यांवर बनुबाई मेथी निवडत होत्या.

"मला काय करता येत न्हाई," तो हात पुसत म्हणाला. "शब्द दिलाय."

"कुणाला?" दोघांनी विचारलं.

मोझेसने पिशवी उचलली आणि तो गेला. बनुबाईंनी मेथीच्या काड्या पदरातून झटकल्या, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि गाडीजवळ आल्या.

"कुठं जायचंय?"

"सुप्याला. कामावर," वैजनाथ म्हणाला.

"आन तुला?"

"मला कुठे नाही. मी नुसता मदतीला," समर्थ म्हणाला.

"मिटा डोळे," बनुबाई म्हणाल्या.

दोघे कर्ते पुरुष अंगणात डोळे मिटून उभे राहिले. कट्ट्यावरून कॉलनी बघत होती, पण त्याला इलाज नव्हता. गाडीच्या कुठल्याशा बाजूने एक बारीक टक् ऐकू आलं. डावा डोळा किलकिला करावा असं वैजनाथच्या मनात आलं, पण त्याची हिंमत झाली नाही. शेजारी समर्थचा श्वास ऐकू येत होता, तोही बहुधा उजव्या डोळ्याशी झगडत होता.

मग चपला घासत आई पायऱ्या चढून आत गेल्याचा आवाज आला. दार लोटल्याचा आला. आतून मेथीला फोडणी दिल्याचाही आला. तरी दोघे तसेच उभे राहिले. उघडा, असं आईने म्हटलंच नव्हतं.